बाळ तोरसकरची बारा नंबरची तलवार

"आजोबा, बाळकाकांनी तलवार विकली," असं श्वेता म्हणाली तेव्हा मी चहात खारी बुडवत होतो. खरं सांगतो, मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. मुलुंडच्या जकात नाक्यावर एकोणतीस वर्षं ट्रकांच्या ताडपत्र्या उचलून बघण्यात गेलेला माणूस मी. निवृत्त झाल्यापासून संशय घ्यावा असं काही घरात घडतच नव्हतं. सून दुधात पाणी घालत नाही, मुलगा वेळेवर घरी येतो. अशात शेजारचा सरळमार्गी बाळ तोरसकर चोर निघायची शक्यता सकाळी साडेनऊला चहाबरोबर समोर आली. माझी खारी कपात पडली तरी मी ती काढली नाही.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? हे बघा." तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर बाळचा गडी उभा होता. म्हणजे गेममधला. एरवी हा गडी बघायला लोक थांबायचे. छातीवर चिलखत, हातात निळसर पात्याची लांब तलवार. आज तो नुसता बंडी घालून, दोन्ही हात मोकळे सोडून उभा होता, बस थांब्यावर उभा राहावा तसा.

"आणि हे बघा," म्हणत तिने दुसरं पान उघडलं. तो गेममधला बाजार. कोण विकतोय त्याचं नाव तिथे दिसत नाही, माल तेवढा दिसतो. त्यात एक बारा नंबरची तलवार मांडलेली होती.

आता ज्यांना हे सगळं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मलाही दोन वर्षांपूर्वी काही ठाऊक नव्हतं. ह्या खेळात राक्षस मारायचे. मेलेल्या राक्षसाकडे काहीबाही सापडतं: कातडं, शिंग, धातूचे दगड. ते घेऊन खेळातल्या लोहाराकडे जायचं आणि आपली तलवार एकेक नंबर वर चढवायची. एक, दोन, तीन असं नऊपर्यंत सगळ्यांचं चढतं. नऊच्या पुढे लोहाराचा भरवसा नाही. कधी चढते, कधी हातातल्या हातात तुकडे. बारा हा शेवटचा नंबर, आणि त्याला काळे दगड लागतात. ते इतके दुर्मीळ की एकट्या माणसाने जमवायचे म्हटले तर तो म्हातारा होईल.

श्वेता, म्हणजे माझी नात, भांडुपच्या एका लॅबमध्ये रक्त तपासते आणि उरलेल्या वेळात ह्या खेळातल्या एका मंडळाची प्रमुख असते. मंडळाचं नाव 'चेकनाका बॉइज'. प्रमुख मुलगी असूनसुद्धा. सात जण आहेत. ह्या सात जणांनी चार महिने आपले सगळे काळे दगड एकाच तलवारीत घातले. सात अर्धवट तलवारींपेक्षा एक पुरी बरी, असा विचार. आणि ती एक तलवार दिली बाळच्या हातात.

बाळच्या का, तर त्याला कारण आहे.

बाळ तोरसकर तळमजल्यावर राहतो. वय चौसष्ट, पण मालवणात ज्याचं नाव एकदा बाळ पडलं तो शेवटपर्यंत बाळच. एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात तो टूल रूममध्ये होता. टूल रूम म्हणजे जिथे बाकीच्या कामगारांची हत्यारं घडवतात आणि धार लावतात ती खोली. कारखाना गेला, तिथे आता सत्तावीस मजले उभे आहेत, पण बाळच्या बोटांतून टूल रूम गेली नाही. कुठलीही धारदार वस्तू दिसली की अंगठा आडवा फिरवून बघणार. आमच्या मुलाच्या लग्नात केक आणला होता, तेव्हा नवरा-नवरी सुरी धरून फोटोसाठी उभे राहिलेले, आणि हा मधे येऊन म्हणाला, "थांबा, ह्येका धार नाय." घरी जाऊन सुरी घासून आणली. फोटोवाला वीस मिनिटं खोळंबला. केक मात्र असा कापला गेला की वरचं फूल हललं नाही.

तर एकदा श्वेता जिन्यात बसून फोनला शिव्या देत होती. तिची अकरा नंबरची ढाल मोडली होती. बाळ खालून वर येत होता. त्याने विचारलं, "काय मोडला?"

"ढाल. चार वेळा लोहाराकडे दिली, चारही वेळा फुकट."

"पयल्या झटक्यात चांगला मटेरियल दिलंस?"

"मग काय देणार?"

 बाळने तिच्याकडून तो गेम आपल्या फोनवर घालून घेतला आणि आठवडाभर नुसत्या भंगार सुऱ्या लोहाराकडे नेऊन मोडत बसला. मी विचारलं तर म्हणाला, "नानानू, नवीन मशीन इला काय आधी भंगारावर हात बसवचो. चांगलो जॉब मगे लावचो." आठवड्याने त्याने श्वेताला सांगितलं की ह्या लोहाराची एक खोड आहे. तो जितक्या वेळा चुकतो तितकी त्याची पुढची वेळ बरोबर यायची शक्यता थोडी थोडी वाढते. म्हणून आधी फालतू सुऱ्यांवर त्याला चुकू द्यायचं, पोटभर चुकू द्यायचं, आणि मग आपली खरी वस्तू पुढे करायची. मुलं दोन वर्षं खेळत होती, त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून मंडळात बाळकाकांचा शब्द शेवटचा. बारा नंबरची तलवार त्यानेच चढवली. एकशे एक्केचाळीस सुऱ्या मोडून, आणि एका झटक्यात.

अशी ती तलवार. आणि आज शिंगाळ्या यायचा दिवस. शिंगाळ्या म्हणजे तीन महिन्यांतून एकदा येणारा सगळ्यात मोठा राक्षस, सकाळी येतो आणि संध्याकाळी सातला निघून जातो. बाराच्या तलवारीशिवाय त्याची कातडी कापली जात नाही. अशा दिवशी बाळचा गडी बंडीवर.

"फोन केलास?"

"अकरा वेळा. वाजतो. उचलत नाहीत."

"मी बघून येतो," म्हणालो आणि चप्पल घातली.

बाळच्या दारात त्याची जाड टाचांची चप्पल जागेवर होती. म्हणजे माणूस घरात. श्वेता वर जिन्यात उभी होती, तिला मी खुणेने सांगितलं, लाव. तिने वरून फोन लावला आणि आत घंटी वाजायला लागली. वाजली, वाजली, थांबली. मी बेल दाबली. बाळची बायको शुभा हिने दार वीतभर उघडलं. हाताला पीठ.

"बाळ आहे का?"

"नाहीत हो नाना. बाहेर गेलेत."

मी चपलेकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"फोन वाजतोय आत," मी म्हणालो.

"वाजू दे. फोन नाही घेता येणार. दुपारी या." आणि दार लागलं.

चप्पल दारात, फोन घरात, आणि माणूस बाहेर. नाक्यावर एखाद्या ड्रायव्हरने मला असं उत्तर दिलं असतं तर मी पूर्ण ट्रक खाली करून घेतला असता. एकदा केळीच्या घडांखाली पावडरचे डबे निघाले होते, ते अशाच एका उत्तरामुळे. ड्रायव्हर म्हणाला होता, "साहेब, केळी नाजूक आहेत, हात लावू नका." रोज केळी वाहणारा माणूस केळी नाजूक आहेत असं कधी सांगत नाही. मी वर आलो तो जवळजवळ उड्या मारत.

दुपारी विकी आला. विकी कांबळे, लिफ्ट दुरुस्त करतो, विक्रोळीला राहतो, मंडळात सगळ्यात पुढे राहून मार खायचं काम त्याचं. सुट्टी टाकून आला होता, शिंगाळ्यासाठी. त्याने आणलेल्या बातमीने माझं जेवण गोड झालं.

"आजोबा, मागच्या रविवारी काका बोरिवलीला गेले होते."

"मग?"

"चंद्रप्रकाशकडे."

"हा कोण?"

"काकांच्या कारखान्यातलाच. पण तो आता बोरिवलीच्या मंडळात खेळतो. त्यांच्याकडे पण बाराची तलवार आहे, त्याच्याच हातात. आपली गेली की शिंगाळ्या त्यांचा."

"अरे वा," मी म्हणालो. श्वेताने माझ्याकडे रागाने बघितलं.

"अजून आहे," विकी म्हणाला. "परवा मला विचारत होते, विकी, तलवार अंगावरून काढली तर ती कुठे जाते? दुसऱ्या कोणाच्या हाताला लागते का? मी म्हटलं काका, का? तर म्हणे असंच."

'असंच' हा शब्द मला कधीच आवडलेला नाही. आमच्या गावच्या शाळेत सातवीला असताना परांजपे गुरुजींनी एका मुलाला विचारलं, खिसा का फुगलाय, तर तो म्हणाला असंच. खिशातून गुरुजींच्याच झाडाचे पेरू निघाले.

घाटकोपरची तेजल फोनवर होती, स्पीकर लावलेला. ती म्हणाली, "श्वेता, काढून टाक ना मंडळातून. एवढा काय विचार करतेस?"

इथे एक नियम समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मंडळाच्या दगडांनी घडवलेलं हत्यार घेऊन कोणी पळू नये म्हणून गेमवाल्यांनी सोय केली आहे. प्रमुखाने माणसाला मंडळातून काढलं की ते हत्यार जिथे असेल तिथे मोडतं, आणि निम्मे दगड मंडळाकडे परत येतात. बाजारात मांडलेलं असलं तरी मोडतं. पण बाजाराचा सौदा रोज संध्याकाळी सातला पक्का होतो. एकदा का सात वाजले आणि तलवार दुसऱ्याच्या नावावर चढली की मग काढा नाहीतर ठेवा, एक दगड परत येत नाही.

म्हणजे बाळने विकली असेल तर सातच्या आत त्याला काढायला हवं. आणि विकली नसेल आणि आपण काढलं, तर चार महिन्यांची तलवार आपल्याच हाताने मोडणार. आणि चोर नसलेल्या माणसावर चोराचा शिक्का.

"बाजारातली तलवार त्यांचीच कशावरून?" श्वेता म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. ह्या पोरीला मी लहानपणापासून ओळखतो, तिला बाळवर विश्वास ठेवायचा होता.

"मग अंगावरची कुठे गेली?" विकी म्हणाला. "धुवायला टाकली?"

चार वाजता मी खिडकीतून बघितलं तर बाळ फाटकातून येत होता. अनवाणी. हातात झेंडूच्या माळा आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी. नवरात्रात हा पायात काही घालत नाही, हे मला वीस वर्षं माहीत होतं आणि सकाळी चपलेकडे बघताना आठवलं नव्हतं. मी मनातल्या मनात एक मुद्दा खोडला, पण बाकीचे होतेच. मी त्याच्या मागोमाग त्याच्या घरात शिरलो.

"येवा, नानानू. बसा. शुभा, नानांका पाणी दी."

कोपऱ्यात पाट मांडला होता. त्यावर लाल कापड. कापडावर एका ओळीत बाळची जुनी हत्यारं: दोन कानशी, एक छिन्नी, व्हर्नियर, लाकडी पेटीतला मायक्रोमीटर. सगळ्यांना तेलाचा हात फिरवलेला, हळदकुंकू लावलेलं. आणि ओळीच्या शेवटी, मायक्रोमीटरच्या शेजारी, बाळचा फोन. त्यालाही हळदकुंकू. वर झेंडूचं एक फूल. पडदा काळा.

"हे काय?"

"खंडेनवमी नाय आज? हत्यारा पूजेत आसत." त्याने नवीन माळ पाटाभोवती लावायला घेतली. "सकाळी फुला कमी पडली म्हणान परत गेलंय."

"आणि तलवार?"

"ती पण पूजेतच. काल रात्रीच अंगावरसून उतरवून पेटयेत ठेवली. पुजलेला हत्यार अंगावर घेवन कोण फिरता?" खेळात प्रत्येक गड्याची एक पेटी असते, दुसऱ्याला आतलं दिसत नाही. बाळने तलवार, चिलखत, सगळं उतरवून तिच्यात ठेवलं होतं, असं त्याचं म्हणणं. "टूल रूममध्ये ह्या दिवशी कोण कानस पण उचलीत नाय होतो. जनरल मॅनेजर स्वतः इलो होतो एकदा, एक पीस हवो म्हणान. आम्ही त्येका पेढो दिलो आणि उद्या ये म्हणान सांगितला."

"मुलांना सांगायचंस ना."

"सांगितलंय. काल लिवलंय त्यांच्या ग्रुपवर."

मी वर हाक मारली. श्वेता आणि विकी खाली आले. श्वेताने ग्रुप उघडून मागे मागे सरकवलं. खरंच होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी बाळ तोरसकर ह्यांनी लिहिलं होतं: "उद्या खंडेनवमी." त्याच्याखाली सहा जणांनी हात जोडले होते, फुलं पाठवली होती, तेजलने तर नाचणारा गणपती पाठवला होता. बाळने ते वाचून सगळ्यांना समजलं असं धरून चाललं होतं. त्याच्या हिशेबी खंडेनवमी म्हटलं की हत्यार बंद, हे वेगळं सांगायची गोष्ट नव्हती. आणि मुलांच्या हिशेबी ती शुभेच्छा होती.

"काका, आज शिंगाळ्या आहे," श्वेता म्हणाली.

"तीन म्हयन्यांनी परत येतलो."

"बरं, ते सोडा. तुम्ही फक्त फोन उघडा आणि पेटी दाखवा. तलवार आहे एवढं दिसलं की झालं."

बाळ हसला. "उद्या सकाळी. आज हात लावचो नाय."

आता तुम्हीच सांगा. माझं ह्या पाटाने समाधान झालं असेल असं वाटतं का? उलट माझा संशय पक्का झाला. एकदा गणपतीच्या दिवसांत नाक्यावर एक टेम्पो आला होता, आत सहा मूर्ती, कापडाने झाकलेल्या. टेम्पोवाला हात जोडून म्हणाला, प्रतिष्ठापना व्हायची आहे, तोंड उघडायचं नसतं. आमचे साहेब भाविक, म्हणाले सोडा. मी म्हटलं, तोंड नको, पाय बघू. मूर्तीच्या पायाखालच्या गवतात पंख्यांच्या मोटारी होत्या. झाकायला देवासारखी चांगली वस्तू दुसरी नाही.

हे मी सगळ्यांसमोर बोललो. बाळने ऐकलं आणि माळेचा दोरा दातांनी तोडला.

"बोरिवलीला कशाला गेला होतास?" मी विचारलं.

"चंद्रप्रकाशाक इचारूक. तो पण टूल रूमचोच. म्हटला तू नवमीक तलवार उतरवतलंस काय? तो म्हणालो, उतरवतलंय. बोलान बरा वाटला."

"हे त्याला फोनवर विचारता आलं असतं."

"त्येच्याकडे घावन्यांबरोबर काळ्या वाटाण्याचा सांबारा होता."

 ह्या सगळ्या उलटतपासणीत दोन तास गेले, घड्याळात सव्वासहा झाले होते.

विकी इतका वेळ पाटाजवळ उकिडवा बसून फोनकडे बघत होता. तो म्हणाला, "काका, तुम्हाला हात लावायचा नाही ना? मग मी लावतो. आमच्या घरी नवमी नसते. मी लावला तर कोणाचं काय बिघडणार?"

मला हे बिनतोड वाटलं. मी मान डोलावली.

बाळने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुझ्या घरी नाय, खरा. पण पाट माझ्या घरचो ना?"

विकीने पुढे केलेला हात मागे घेतला.  मग श्वेताला म्हणाला, "माझा बाप वेल्डर होता, डॉकमध्ये. त्याची काच, ती तोंडावर धरायची, ती कोणी उचललेली चालायची नाही त्याला. आईने पण नाही. पूजाबिजा काय नव्हती, नुसतं चालायचं नाही. यार, थांब सकाळपर्यंत."

"आणि सातनंतर गेली तर?" विकीच्या फोनवर पुन्हा जोडलेली तेजल स्पीकरमधून म्हणाली. "विकी, दुपारी तूच म्हणत होतास ना धुवायला टाकली?"

"म्हणत होतो. आता नाही म्हणत."

"आजोबा?" श्वेता माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा."

मी बाळला पंचवीस वर्षं ओळखतो. माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारपणात त्याने रोज संध्याकाळी येऊन तिच्या पायांना तेल लावलं आहे. पण विचारलं होतं तलवारीबद्दल. "मी बघितलेली नाही," मी म्हणालो. "न बघता मी माल सोडत नाही."

बाळ उठला. "श्वेता, तुका काढूचा आसात तर काढ. प्रमुख तू. मी उद्या काय एक बोलूचंय नाय. पण फोनाक हात लावन मी तुका दाखवतलंय, ह्या होवचा नाय."

श्वेताने मंडळाचं पान उघडलं. बाळच्या नावावर बोट ठेवलं. 'सदस्यास काढा' असं लाल अक्षरांत आलं. सातला दहा कमी. तिचं बोट पडद्याच्या वर अधांतरी थांबलं होतं, आणि पडद्यावर बाळचा गडी बंडी घालून उभा.

नेमकी तेवढ्यात शुभा आतून ताटल्या घेऊन आली. वडे, गरम, आणि काळ्या वाटाण्याची उसळ. "आधी खा," म्हणाली, आणि श्वेताच्या हातातला फोन काढून टीव्हीवर ठेवला आणि त्याजागी ताटली दिली. "गार झाले की चिवट होतात. विकी, तू पण घे रे. नाना, तुमच्यात तिखट कमी घातलंय."

शुभा तोरसकरच्या हातची ताटली परत देता येत नाही. आमच्या इमारतीत ते आजवर कोणाला जमलेलं नाही. श्वेताने एक वडा मोडला. मग दुसरा. बोटं तेलाने माखली, उसळीने माखली. तिने एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा बेसिनकडे, तर बेसिनपाशी शुभा पातेलं घासत उभी, हलायला तयार नाही. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की त्या बाईने हे जाणूनबुजून केलं. पुरावा नाही.

श्वेता हात धुऊन आली तेव्हा सात वाजून तीन मिनिटं झाली होती. विकीने आपल्या फोनवर बाजार उघडला.

"गेली," तो म्हणाला. बारा नंबरची तलवार बाजारातून नाहीशी झाली होती. कोणीतरी विकली होती, कोणीतरी घेतली होती. नावं दिसत नाहीत. शिंगाळ्याही निघून गेला, आणि मागून कळलं की बोरिवलीच्या मंडळालाही तो मिळाला नाही, कारण त्यांचा चंद्रप्रकाश दिवसभर फोन उचलत नव्हता.

आम्ही वर आलो. जिन्यात श्वेता म्हणाली, "आजोबा, आपण मूर्ख ठरलो का?" मी म्हणालो, सकाळी कळेल.

दसऱ्याच्या सकाळी सात वाजता आम्ही तिघं बाळच्या दारात होतो. विकी रात्री आमच्याकडेच राहिला होता. बाळ आंघोळ करून बसला होता. त्याने घाई केली नाही. आधी कानशी उचलल्या, फडक्याने पुसल्या, पेटीत ठेवल्या. मग छिन्नी. मग व्हर्नियर. मग मायक्रोमीटर, तो दोनदा उघडझाप करून. मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतो आणि माझ्या मनात अजून येत होतं की हा वेळ काढतोय. शेवटी फोन उचलला, हळद पुसली, चार्ज संपला होता म्हणून वायर लावली. आणखी पाच मिनिटं गेली. मग गेम उघडला. मग पेटी.

तलवार होती. निळसर पातं, शेजारी बारा. खाली चिलखत घडी घातल्यासारखं.

 विकीने नाक ओढलं. बाळने ती बाहेर काढली, पण गड्याच्या हातात दिली नाही. मंडळाचं सामायिक कोठार असतं, त्यात नेऊन ठेवली.

"काका, हे काय?" श्वेता म्हणाली.

"ज्येंचा माल त्येंच्या घरात. आता जेका होयी तेणी घेवची."

"काका, सॉरी. खरंच सॉरी. तुम्हीच घ्या ना."

"अगो, माझो राग नाय." आणि नव्हताच. तो आपट्याची पानं वाटत होता, मला वाकून नमस्कारही केला. "पण हत्यार धरूचा तर हात मोकळो होयो. आता दर वेळी वाटतला, मागे कोणतरी बघता. तसो हात चुकता."

हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मी मात्र त्याच्या मागेच उभा होतो.

ह्या गोष्टीला आता चार महिने होत आले. मधे एकदा शिंगाळ्या येऊन गेला. तलवार कोठारातच आहे. श्वेता म्हणते विकीने घ्यावी, विकी म्हणतो तेजलने, तेजल म्हणते मला नको ती. बाळ रोज संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकावर बसून खेळतो, चार नंबरची साधी सुरी घेऊन, बारीकसारीक राक्षसांत. मंडळात आहे, बोलावलं की येतो, विचारलं की सल्ला देतो.

पण अलीकडे मी बाकाजवळ गेलो की तो फोनवर तळवा आडवा धरतो. काल मी आवाज न करता मागून गेलो. लोहारासमोर उभा होता. एकामागून एक भंगार सुऱ्या मोडत होता, आणि कोपऱ्यात काळ्या दगडांचा आकडा दिसत होता, मंडळाच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या. एवढे दगड एकट्या माणसाने जमवले हे मला खरं वाटेना.

"बाळ, काय घडवतोस?"

"काय नाय, नानानू. टायमपास."

मी शेजारी बसलो. त्याने फोन दुसऱ्या मांडीवर घेतला, मला दिसणार नाही असा. मी समोर रस्त्याकडे बघत राहिलो. श्वेताला अजून काही सांगितलेलं नाही.